टाकाऊतून निर्मळ पाणी : तूस, राख आणि तेंदूच्या कातरणीची गोष्ट

मृगाचा पहिला पाऊस पडला की वस्तीतल्या नळाला चार दिवस चहाच्या रंगाचे पाणी येते. घरची बाई माठाच्या तोंडाला दुहेरी फडके बांधते, तुरटीचा खडा पाण्यात फिरवते आणि गाळ खाली बसायची वाट पाहते. हे ज्ञान तिला कुठल्या शाळेने दिलेले नाही, आईकडून आले आणि आईला आजीकडून. परंतु फडक्याने गाळलेले आणि तुरटीने निवळलेले पाणी खरोखरच स्वच्छ असते काय? हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाच्या प्रकृतीचा आहे. म्हणून या वेळी कौटुंबिक पानावर पाण्याची आणि कचऱ्याची गोष्ट एकत्र सांगायची आहे.

पाणी गाळून पिण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारात तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि कमरपट्टा यांच्या जोडीला आठवी वस्तू आहे पाण्याची गाळणी. पाली भाषेत तिला 'परिस्सावन' म्हणतात. पाण्यातले बारीक जीव मरू नयेत हा तिचा मूळ हेतू. ज्याच्याजवळ मोजून आठ वस्तू, त्यांपैकी एक पाणी गाळण्याची, यावरूनच पाण्याचे मोल कळते.

पण आजच्या पाण्यात असे पुष्कळ काही असते, जे कोणत्याही फडक्यात अडकत नाही. कारखान्याचा रंग, शिसे-पाऱ्यासारखे धातू, शेतातले औषध, जमिनीच्या पोटातले फ्लोराइड. साखर पाण्यात विरघळते तशी ही विषे विरघळलेली असतात. डोळ्यांना पाणी नितळ दिसते आणि विष पोटात जाते. अशा विषाला पकडायचे तर दुसरीच युक्ती लागते. तिला शास्त्रज्ञ 'अधिशोषण' म्हणतात.

चिकटवून धरण्याची विद्या

शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. स्पंज पाण्यात बुडवला की पाणी त्याच्या आत शिरते, ते शोषण. आणि गवतातून चालताना लुगड्याच्या काठाला कुसळे चिकटतात, ती कापडाच्या आत जात नाहीत, वरच घट्ट बसतात, ते अधिशोषण. पाण्यातले विष असेच एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटवून धरायचे आणि उरलेले पाणी पुढे जाऊ द्यायचे.

यासाठी जुन्यात जुना आणि खात्रीचा पदार्थ म्हणजे कोळसा. पण चुलीतला साधा कोळसा नव्हे. नारळाची करवंटी किंवा लाकूड हवा न लागू देता तापवून त्याचा कोळसा करतात आणि मग ८०० ते ९०० अंशांच्या उष्णतेत त्यावर वाफ सोडतात. त्यामुळे कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे उघडतात. याला सक्रिय कोळसा म्हणतात. याच्या एका ग्रॅमचा, म्हणजे चिमूटभर भुकटीचा, आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग पसरला तर तो सुमारे १,००० चौरस मीटर भरू शकतो. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर कोळशात अशी सात-आठ मैदाने घडी घालून ठेवलेली असतात! एवढ्या जागेवर किती कुसळे बसतील याचा वाचकांनी विचार करावा.

टाकाऊ वस्तूपासून हा कोळसा करण्याचा इतिहासही मोठा आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा मारा होऊ लागला तेव्हा सैनिकांच्या मुखवट्यात असा कोळसा भरत. १९१८ साली अमेरिकेत लोकांना आवाहन केले गेले की पीच फळांच्या कोयी आणि अक्रोडाची टरफले फेकू नका, आणून द्या. गावोगावी शाळकरी मुलांनी कोयी गोळा केल्या. उकिरड्यावर जाणारी कोय सैनिकाचा प्राण वाचवू लागली. आज घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात जी काळी कांडी असते, तिच्यातला कोळसा बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा असतो.

नागपूरची प्रयोगशाळा

याविषयी नागपूरला सांगण्यासारखे बरेच आहे. दीक्षाभूमीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी 'नीरी' ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. १९५८ साली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून स्थापन झाली आणि १९७४ साली तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव मिळाले. रस्त्याने जाताना तिची पाटी पुष्कळांनी पाहिली असेल, पण आत काय चालते हे थोड्यांनाच ठाऊक असते.

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे विजेची मोठी केंद्रे आहेत. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख फार. शंभर किलो कोळसा जाळला की तीस ते चाळीस किलो राख मागे उरते. ही राख पाण्यात कालवून मोठमोठ्या तळ्यांत साठवतात. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी गावांत व शेतांत शिरले. वीज सगळ्यांच्या घरात जाते, पण राख मात्र काहींच्याच दारात येते.

या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना ही द्रव्ये भरपूर असतात. नीरीच्या शास्त्रज्ञांनी ही राख कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून, मग पाण्यात ठेवून तिच्यापासून 'झिओलाइट' नावाचे स्फटिक तयार करण्याची रीत बसवली. या कामाचे पेटंट २००० साली अमेरिकेतही मिळाले. झिओलाइट म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखा जाळीदार पदार्थ. त्याच्या घरांत सोडियम बसलेले असते. शिसे किंवा अमोनियाचे कण आले की तो सोडियम सोडतो आणि त्यांना धरून ठेवतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्रातली कच्ची राख पाणी शुद्ध करण्यासाठी घरात कधीही वापरू नये. तिच्यातच विषारी धातूंचा अंश असतो. प्रयोगशाळेत प्रक्रिया करून केलेला स्फटिक वेगळा आणि राख वेगळी.

तूस, कातरण आणि लोखंडाचा कीस

आता पूर्व विदर्भाकडे वळू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. १०० किलो धान भरडले की सुमारे २० किलो तूस निघते. ते जाळले की चारएक किलो राख राहते आणि या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. तुसाच्या राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या बायांना तिचा गुण केव्हापासून माहीत आहे. पुण्यातील टाटांच्या संशोधन केंद्राने याच राखेत सिमेंट आणि खडे मिसळून 'सुजल' नावाची स्वस्त गाळणी तयार केली. २००४ च्या त्सुनामीनंतर ती संकटग्रस्तांना देण्यात आली. पुढे राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून जंतू मारण्याची सोय केली गेली आणि डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हे यंत्र बाजारात आले. तेव्हा त्याची किंमत ७४९ रुपयांपासून होती, त्याला वीज लागत नव्हती आणि एक कांडी ३,००० लिटर पाण्याला पुरावी अशी तिची रचना होती. गिरणीमागच्या ढिगातली राख अशी स्वयंपाकघरात मानाने येऊन बसली.

विड्या वळणाऱ्या माता-भगिनींसाठी मुद्दाम एक गोष्ट सांगतो. कामठी, नागपूर, भंडारा, गोंदिया भागांत कितीतरी घरे विडीवर चालली. पत्र्याचा साचा ठेवून कैचीने तेंदूचे पान कापायचे आणि उरलेली कातरण चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायची. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच कातरण घेतली, तिच्यावर प्रक्रिया केली आणि रंगाच्या पाण्यातला रंग तिला चिकटतो हे २००८ साली शोधनिबंधातून दाखवले. रंगाच्या पाण्याशी नागपूरचे नाते जुने आहे. १८७७ साली येथे एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आपल्यातल्या अनेकांचे आजे-पणजे गिरण्यांत राबले. पुरुष गिरणीत आणि बाई विडीच्या सुपापुढे, असे दोघांचे कष्ट होते. बाईच्या सुपातली कातरण गिरणीच्या रंगाला उतारा ठरू शकते, हे त्या काळी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

संत्रानगरीच्या संत्र्याची सालही या कामी येते. सालीतल्या पेक्टिनला आणि तंतूंना धातू चिकटतात, असे जगभरच्या प्रयोगशाळांत दिसून आले आहे. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सालीच्या तेलातले एक द्रव्य आणि तेलशुद्धीकरणातून उरणारे गंधक यांचा मिलाफ करून पाण्यातला पारा ओढणारा पदार्थ बनवला. नागपूरच्या बाजारात आणि रसाच्या दुकानांमागे सालींचे ढीग पडतात, त्यांना वास सुटतो आणि माशा बसतात. त्या ढिगाकडे पाहण्याची नजर बदलली पाहिजे.

लेथवर काम करणाऱ्या कामगार बांधवांसाठीही एक उदाहरण आहे. बांगलादेशात लाखो लोक नळकूपाच्या पाण्यातून आर्सेनिक पीत होते. तेथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. अबुल हुसाम यांनी बिडाच्या लोखंडाचा लेथवर निघणारा कीस प्रक्रिया करून वापरला. त्याला वाळू, विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा यांची जोड दिली. दोन बादल्या एकावर एक ठेवलेली ही 'सोनो' गाळणी आर्सेनिक पकडते. २००७ साली तिला अमेरिकेत दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि त्यातला मोठा भाग त्यांनी गरजूंना गाळण्या वाटण्यासाठी दिला. वर्कशॉपच्या कोपऱ्यात झाडून टाकलेला कीस माणसे वाचवतो, याहून मोठा धडा कोणता?

दात आणि हाडे खाणारे पाणी

आपल्याकडे आर्सेनिकपेक्षा फ्लोराइडचा जाच अधिक आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आढळते. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्यास हाडे आखडतात, पाठ वाकते. लोक याला म्हातारपण समजतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. हे फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते, हे पक्के लक्षात ठेवावे.

यावर नीरीने तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर यांची 'नालगोंडा पद्धत' काढली. ज्या जिल्ह्याच्या दुखण्यावर ती शोधली त्याचेच नाव तिला मिळाले. पुढे २००७ साली नीरीच्या शास्त्रज्ञांनी कोळंबी-खेकड्यांच्या फेकून दिलेल्या कवचांतून निघणारे कायटोसान घेतले, त्याला लँथॅनम नावाच्या धातूची जोड दिली आणि ते फ्लोराइड चांगले पकडते असे दाखवले.

फ्लोराइडवर आणखी एक जुना उपाय आहे तो हाडांच्या कोळशाचा. आफ्रिकेत केनिया, टांझानिया या देशांत तो वापरात आला. आपल्याकडे धार्मिक भावनांमुळे त्याला थारा मिळाला नाही. आपल्या वाचकांना येथे वेगळीच कळ जाणवेल. मेलेली ढोरे ओढण्याचे काम याच समाजाच्या माथी शतकानुशतके मारले गेले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा आणि स्वाभिमानाने जगा असे बजावले, तेव्हा कुठे ते जोखड निघू लागले. म्हणून कचऱ्याचे सोने होण्याची भाषा कुणी केली की आपण एक प्रश्न विचारायलाच हवा. कचरा वेचणार कोण, आणि सोने कुणाच्या घरी जाणार? भांडेवाडीच्या ढिगावर ज्या बाया प्लास्टिक, पत्रा, काच वेचतात, त्यांच्या हातात हातमोजे आणि पदरात योग्य दाम पडला तर हे विज्ञान खरे. कच्चा माल गरिबाच्या घामाचा आणि नफा दुसऱ्याचा असे झाले, तर जुनीच वेठबिगार नव्या नावाने आली म्हणायची.

मग हे घरोघरी का पोचत नाही?

वाचक विचारतील, इतके शोध लागले तर ते आमच्या वस्तीत का नाहीत? उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

पहिले कारण असे की प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात एकच विष असते. खऱ्या पाण्यात दहा गोष्टी असतात आणि चिकटण्याच्या जागेसाठी त्या एकमेकींशी भांडतात. दुसरे, कचरा रोज एकसारखा नसतो. या गिरणीचे तूस वेगळे आणि त्या गिरणीचे वेगळे. औषधाची मात्रा रोज बदलून कसे चालेल? तिसरे कारण पैशाचे. साल फुकट मिळते, पण ती गोळा करणे, वाळवणे, तापवणे आणि तपासणे फुकट होत नाही.

चौथे कारण सगळ्यात महत्त्वाचे आहे. चिकटण्याची जागा भरली की पदार्थ निकामी होतो. आता विष पाण्यात नाही, पण त्या पदार्थात आहे. तो कुठे टाकणार? नागनदीत टाकला तर ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात जाते. आपल्या दारातले विष भंडाऱ्याच्या लोकांच्या दारात ढकलणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. वापरलेला पदार्थ धुऊन पुन्हा वापरता यावा किंवा सुरक्षित पुरला जावा, इथपर्यंत विचार झाला तरच काम पुरे झाले.

घरात काय करावे

* गढूळ पाणी आधी निवळू द्यावे आणि स्वच्छ, दुहेरी फडक्याने गाळावे. फडके रोज धुऊन उन्हात वाळवावे.
* कोळसा रंग, वास आणि काही रसायने ओढतो, पण जंतू मारत नाही. जंतूंसाठी पाणी खळखळून उकळावे किंवा क्लोरीनचे औषध सांगितलेल्या मात्रेत टाकून अर्धा तास थांबावे.
* क्रम चुकवू नये. कोळसा क्लोरीनही ओढून घेतो. म्हणून आधी कोळशाची गाळणी आणि मग क्लोरीन.
* घरात यंत्र असेल तर त्यातली काळी कांडी वेळेवर बदलावी. जुन्या कांडीत जंतू वाढतात. पैसे वाचवायला गेलो आणि दवाखान्यात घातले, असे होऊ नये.
* कुणी ऐकीव माहितीवर राख किंवा सालीची भुकटी पिण्याच्या पाण्यात टाकायला सांगेल तर टाकू नये.

बालमित्रांसाठी प्रयोग

मुलांनो, इस्त्रीवाल्या काकांकडून लाकडी कोळशाचे दोन खडे मागून आणा आणि फडक्यात बांधून बारीक कुटा. दोन पेल्यांत अर्धे-अर्धे पाणी घ्या आणि प्रत्येकात निळ्या शाईचा एक थेंब टाका. एका पेल्यात दोन चमचे कोळशाची पूड घालून ढवळा, दुसरा तसाच ठेवा. तासाभराने दोन्ही पाणी चार पदरी फडक्यातून वेगवेगळे गाळा. कोळशाच्या पेल्यातला रंग फिका पडलेला दिसेल. पूर्ण गेला नाही, तर का गेला नाही याचा विचार करा. पूड आणखी बारीक केली तर काय होईल? दोन तास ठेवले तर? असे प्रश्न विचारणारे मूलच पुढे शास्त्रज्ञ होते. हे पाणी पिऊ मात्र नका.

आपले काम

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्या दिवशी पाण्याला हात लावण्याचा हक्क मागितला गेला. आज नळ दारात आला असेल, पण त्यातून येणारे पाणी कसे आहे हे विचारण्याचा हक्क आपण किती वापरतो?

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी वापरायला शिकवावे अशी तरतूद आहे. सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळाही सामान्य माणसाला अल्प फी घेऊन खुल्या केल्या आहेत. गावाकडे राहणाऱ्या आपल्या बहिणींनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे, आमच्या गावच्या पाच जणी कोण? बोअरचे पाणी शेवटचे केव्हा तपासले? फ्लोराइड किती निघाले? शहरातल्या महिला मंडळाने विहारातल्या एका बैठकीत हा विषय घ्यावा, वस्तीतल्या विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याचे नमुने तपासायला द्यावेत आणि आलेला कागद विहाराच्या फलकावर लावावा. आकडा हातात असला की अधिकाऱ्यापुढे बोलताना आवाज आपोआप खणखणीत होतो.

आणि घरात जी मुलगी विज्ञान घेऊन बारावीला बसली आहे, तिला एवढेच सांगावे : तुझ्या आजीने तेंदूचे पान कापले आणि कातरण फेकली, कारण तिच्यात काय दडले आहे हे तिला कुणी शिकवले नव्हते. तुला शिकायला मिळाले आहे. ती कातरण आता तू उचल, आणि विडीसाठी नव्हे, पाण्यासाठी उचल.